न्यायाधीश पुष्कळ, कारकून कमी

मुळशीत १९२१ साली जे घडलं तो गुन्हा होता का? प्रश्न भाबडा वाटेल. टाटांच्या कंपनीला मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे चालवायला वीज हवी होती. मुळा आणि नीला नद्यांचं पाणी अडवून ते सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला सोडायचं ठरलं. सरकारनं १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. त्यात पन्नासच्या आसपास गावं आणि दहा हजारांहून अधिक माणसं येत होती. आंबेमोहोराची खाचरं, देवळं, स्मशानं सगळं पाण्याखाली जायचं होतं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. साडेतीन वर्षांनी लढा संपला तेव्हा त्याचे नेते पांडुरंग महादेव बापट यांना सात वर्षांची शिक्षा झाली होती. ज्यांची जमीन गेली ते मात्र इकडेतिकडे पांगले होते. कायद्याच्या भाषेत यात गुन्हेगार एकच, बापट.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कसोटीवर मुळशी घासून पाहायचा मोह होतो. १९९८च्या रोम करारात लोकसंख्येचं सक्तीचं स्थलांतर हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला आहे. पण त्याला अटी आहेत. ते स्थलांतर नागरी लोकसंख्येवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असावं लागतं, करणाऱ्याला त्या हल्ल्याची जाणीव असावी लागते आणि त्यामागे आंतरराष्ट्रीय कायद्याला मान्य असं कारण नसावं लागतं. मुळशी या चौकटीत बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये असं माझं मत आहे. अन्याय मोठा म्हणून तो आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरत नाही. आपल्याकडे हल्ली कुठल्याही सरकारी जुलमाला नरसंहार म्हणून टाकायची सवय लागली आहे. त्यामुळे खरा नरसंहार समोर आला की बोलायला शब्दच उरत नाही.

सीमा मात्र हलते आहे, हेही खरं. कंबोडियातल्या जमीन बळकावण्याच्या प्रकारांवर २०१४ साली काही वकिलांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांकडे तक्रार नेली. २०१६ साली अभियोक्ता कार्यालयानं प्रकरणं निवडण्याचं आपलं धोरण जाहीर केलं. त्यात बेकायदा जमीन हडपणं आणि पर्यावरणाचा नाश यांच्याशी जोडलेल्या गुन्ह्यांकडे विशेष लक्ष देऊ असं म्हटलं. शंभर वर्षांपूर्वीच्या मावळ्याला त्याचा काय उपयोग, हा प्रश्न इथे बाजूला ठेवतो. मुळशी आपल्याला दुसरंच काही शिकवते. कायदा करणारा, कायदा चालवणारा आणि फायदा घेणारा हे एकाच बाजूला असतील, तर झाल्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार?

मुळशीची नोंद दोघांनी ठेवली. एक सरकारनं. तिच्यात संपादनाचे आदेश, भरपाईचे निवाडे, खटले आणि तुरुंगाचे हिशेब आहेत. दुसरी चळवळीनं. तिच्यात भाषणं, वृत्तपत्रांतले लेख आणि आठवणी आहेत. दोन्ही नोंदी बोलक्या आहेत आणि दोन्हींना एकच भोक आहे. भरपाई दप्तरात नाव असलेल्या खातेदाराला मिळते. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. ज्यानं खाचरात पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला ते कूळ, त्याच्याकडे मजुरीला जाणारा, गावकीवर जगणारा बलुतेदार, यांनी नेमकं काय गमावलं हे ना सरकारी दप्तरात सापडतं, ना पुढाऱ्यांच्या भाषणात. राजेंद्र व्होरांनी सत्तर वर्षांनी मुळशी सत्याग्रहावर पुस्तक लिहिलं, तेव्हा पुण्यातल्या पुढाऱ्यांचे आणि सावकारांचे हितसंबंध कसे गुंतले होते हे त्यांना कागद उकरून दाखवावं लागलं. गांधीजींनी एप्रिल १९२१मध्येच यंग इंडियात या लढ्याबद्दल लिहिलं होतं आणि टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं असं सुचवलं होतं. सहानुभूतीला तेव्हा तोटा नव्हता. गावनिहाय, घरनिहाय, माणसानिहाय यादी हवी होती.

गंमत अशी की त्या काळातलं पुणं हे यादी करणाऱ्यांचं गाव होतं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून उभं होतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची रुमालात बांधलेली दप्तरं उघडून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडामागून खंड काढले होते. पुढे १९३०च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. अटकेवर कोणी किती घोडी नेली याचा कागद आपण जिवापाड जपला. दोन डोंगर पलीकडे, डोळ्यांदेखत उठवल्या जाणाऱ्या माणसाचा कागद करावा असं मात्र त्याच तळमळीनं कुणाला वाटलं नाही. मेलेल्या माणसाचं दप्तर म्हणजे इतिहास आणि जित्या माणसाचं म्हणजे कारकुनी, अशी आपली प्रतवारी आहे. टिळकांच्या पिढीपासून मराठी सुशिक्षितांनी कारकुनीची टिंगल केली. कारकून तयार करणारं शिक्षण नको म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या. मुळशीनं आपल्याला बापटांच्या रूपानं सेनापती दिला, आणि तो पुरेसा आहे असं आपण समजून चाललो.

मला म्हणायचं आहे ते इतकंच. जगात जिथे जिथे राज्यकर्त्यांच्या मोठ्या गुन्ह्यांना शिक्षा झाली, तिथे निकालाच्या कितीतरी आधी कुणीतरी कारकुनी केलेली होती. आपल्याकडच्या नागरी समाजाला मात्र न्यायाधीश व्हायची हौस अधिक आहे.

चाडचं उदाहरण घ्या. हिसेन हाब्रे १९८२ ते १९९० या काळात तिथला हुकूमशहा होता. सुलेमान गेंगेंग हे चाड सरोवराच्या खोऱ्यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगात हिशेबनीस होते. १९८८ साली खोट्या आरोपावरून त्यांना धरलं आणि दोन वर्षांवर कोठडीत ठेवलं. शेजारची माणसं डोळ्यांसमोर मरत होती. जिवंत सुटलो तर याचा हिशेब मांडीन, असं त्यांनी ठरवलं. हाब्रे पळाला, गेंगेंग सुटले, आणि त्यांनी खरंच हिशेब मांडला. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सातशेहून अधिक पीडितांच्या जबान्या एका ठराविक नमुन्यात लिहून घेतल्या. कधी धरलं, कोणी धरलं, कुठे ठेवलं, सोबत कोण होतं, त्यातलं कोण कधी मेलं. नव्या सरकारातही हाब्रेचे जुने अधिकारी पदावर होते, म्हणून हे कागद अनेक वर्षं लपवून ठेवावे लागले. २००० साली सेनेगलमध्ये हाब्रेविरुद्ध तक्रार दाखल झाली तेव्हा ते बाहेर आले. पुढच्याच वर्षी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या लोकांना हाब्रेच्या गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या कचेरीत कागदांचा ढीग सापडला. कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची आणि एकूण १२,३२१ पीडितांची नावं त्यात होती. मारणाऱ्यांकडेही कारकून असतो आणि तो बहुधा इमानदार असतो. दोन्ही कारकुनांचे कागद शेजारी ठेवले आणि ते जुळले. ३० मे २०१६ला डाकारमधल्या विशेष न्यायालयानं हाब्रेला जन्मठेप दिली. गुन्हा आणि निकाल यांत पाव शतक उलटलं होतं.

याच तऱ्हेची आणखी नावं घेता येतील. वॉर्सा घेटोत इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी रोजच्या जगण्याचे कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत भरून पुरले. त्यातले काही युद्धानंतर हाती लागले. चिलीत सांतियागोच्या चर्चच्या एका कार्यालयानं पिनोशेच्या काळात बेपत्ता झालेल्यांच्या फायली ठेवल्या. सीरियातले सरकारी दस्तऐवज जीव धोक्यात घालून सीमेपार नेणारे लोक होते. जर्मनीत कोब्लेंझच्या न्यायालयानं १३ जानेवारी २०२२ला सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या अन्वर रस्लान या कर्नलला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल जन्मठेप दिली, तेव्हा निर्वासित सीरियन वकील आणि पीडित यांनी वर्षानुवर्षं जमवलेली माहिती उपयोगी पडली. गुन्हा दमास्कसमध्ये, खटला ऱ्हाइनच्या काठी. जर्मनीनं २००२ साली असा कायदा केला होता की हे गुन्हे जगात कुठेही घडोत, आमचं न्यायालय ते चालवू शकेल.

आपला कायदा इथे कोरा आहे. भारतानं १९५९ साली नरसंहारविरोधी कराराला मान्यता दिली, पण त्याला धरून देशात कायदा केला नाही. रोम कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि नंतरही सामील झाला नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०१८ला १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात सज्जन कुमारला दोषी ठरवलं, तेव्हा न्या. एस. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांनी ही उणीव स्पष्ट मांडली. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीनं बुजवायला हवी, असं त्यांनी म्हटलं. त्या ओघात त्यांनी १९९३च्या मुंबईचंही नाव घेतलं. १ जुलै २०२४पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं दंडविधान बदलायची एवढी मोठी संधी होती, पण ही दोन कलमं तिच्यातही आली नाहीत. म्हणजे आपल्याकडे सामूहिक हिंसेचा खटला म्हणजे सुट्या सुट्या खुनांचे, जाळपोळींचे, बेकायदा जमावांचे शेकडो खटले. प्रत्येक खटल्याला स्वतंत्र फिर्याद, स्वतंत्र पंचनामा, स्वतंत्र साक्षीदार लागतो. अशा व्यवस्थेत कारकुनीचं महत्त्व कमी होत नाही, ते शेकडो पटींनी वाढतं.

मुंबईत काय झालं ते पाहा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दंगलीच्या दोन फेऱ्यांत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर आणि ओळख न पटलेले. न्या. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३मध्ये नेमला गेला. जानेवारी १९९६मध्ये युती सरकारनं तो गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा जिवंत करावा लागला. अहवाल फेब्रुवारी १९९८मध्ये आला. सुमारे पाचशे साक्षीदार तपासून आयोगानं ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. नागरी संघटनांनी आयोगापुढे वर्षानुवर्षं वकील उभे केले, साक्षीदार आणले, उलटतपासण्या घेतल्या. कुणाला अजून वाटत असेल की एवढं झालं म्हणजे न्यायाचं निम्मं काम झालं, तर त्यानं १९५२च्या चौकशी आयोग कायद्याचं सहावं कलम वाचावं. आयोगापुढे माणूस जे सांगतो ते, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या कुठल्याही खटल्यात वापरता येत नाही. आयोगाचं दप्तर आणि फौजदारी कोर्टाचं दप्तर यांच्यामध्ये भिंत आहे. पलीकडे जायला पोलीस तपासाचीच वाट आहे, आणि इथे पोलीसच आरोपीच्या रांगेत.

ही वाट कशी बंद होते ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही वकिलाला तोंडपाठ आहे. तपास बंद करताना पोलीस कोर्टाला समरी मागतात. ‘बी’ म्हणजे फिर्यादच खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. आणि ‘ए’ म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण करणारा सापडत नाही. दंगलीच्या २,२६७ गुन्ह्यांपैकी १,३७१ गुन्हे ‘ए समरी’त गेले. घर जळलं हे मान्य, माणूस मेला हे मान्य, फक्त जाळणारा कोण आणि मारणारा कोण ते माहीत नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला ओळखलेल्या वस्त्यांमध्ये हे झालं. शिक्षा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. याच शहरात १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांचा तपासही झाला. विशेष न्यायाधीश प्र. द. कोदे यांनी १२३ आरोपींपैकी १०० जणांना दोषी ठरवलं. स्फोटांत २५७ माणसं मेली होती आणि तो तपास जितका कसून झाला तितका व्हायलाच हवा होता. प्रश्न असा की त्याच पोलीस दलाला दुसऱ्या बाजूला हजाराहून अधिक वेळा एकही आरोपी का सापडू नये.

आता नागरी समाजाकडे वळू. मुंबईतल्या हिंसेनंतर न्या. दाऊद आणि न्या. होस्बेट सुरेश या निवृत्त न्यायमूर्तींनी लोकांच्या वतीनं चौकशी केली आणि आयोगाच्या कितीतरी आधी, १९९३मध्येच अहवाल दिला. गुजरातमधल्या २००२च्या हिंसेनंतर न्या. कृष्ण अय्यर, न्या. सुरेश आणि पुढे पुण्यात राहिलेले न्या. पी. बी. सावंत अशा मंडळींनी नागरिकांचं न्यायाधिकरण बसवलं. दोन हजारांवर जबान्या घेतल्या आणि अहवालाला नावच मानवतेविरुद्धचा गुन्हा असं दिलं. या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. निवृत्तीनंतर लवादांवर बसून पैसे कमावायचे सोडून ती जळलेल्या मोहल्ल्यांत जाऊन बसली. त्या काळी सरकार ऐकायलाच तयार नव्हतं, तेव्हा कुणीतरी ऐकणं हीच मोठी गोष्ट होती.

तरीही मला शंका आहे, ती रचनेबद्दल. लोकन्यायालय मंच उभारतं, झगे घालतं, साक्षी ऐकतं आणि निकाल देतं. ज्याला समन्स काढता येत नाही आणि आरोपीची बाजू ऐकता येत नाही, त्याच्या निकालाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रापलीकडे आयुष्य नसतं. त्यापेक्षा खोल त्रास साक्षीदाराला होतो. त्यानं गर्दीसमोर, कॅमेऱ्यासमोर, आपल्या बाजूच्या माणसांच्या हुंकारांमध्ये जे सांगितलं ते पहिलं बयान ठरतं. पत्रकारासमोर दुसरं, संघटनेच्या प्रतिज्ञापत्रात तिसरं, पोलिसांसमोर चौथं. दहा वर्षांनी सत्र न्यायालयात बचाव पक्षाचा वकील ही चारही बयानं टेबलावर मांडतो आणि विचारतो, बाई, दरवाजा आधी तोडला की आधी आग लावली? खरं बोलणारा माणूसही चार वेळा सांगताना चार तऱ्हांनी सांगतो. न्यायालय त्या फरकाला विसंगती म्हणतं.

गुजरातमधल्या त्याच हिंसेतल्या बेस्ट बेकरी खटल्यात हे सगळं मुंबईनंच पाहिलं. बडोद्यात सगळे सुटले. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००४मध्ये खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवायला सांगितलं. मुंबईत न्या. अभय ठिपसे यांनी फेब्रुवारी २००६मध्ये नऊ जणांना जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयानं त्यातल्या चौघांचीच शिक्षा कायम ठेवली. मधल्या काळात मुख्य साक्षीदार इतक्या वेळा फिरली की सर्वोच्च न्यायालयानं तिलाच वर्षभराची कैद सुनावली. तिच्यावर दबाव कुणाचा, आमिष कुणाचं, यावर बरंच लिहिलं गेलं. मला दिसतं ते हे, की ज्या मुलीचं घर आणि माणसं जळाली होती ती दोन वर्षं संघटना, राजकारणी, कॅमेरे आणि वकील यांच्यात ओढली गेली. तिच्याबाबतीत कुणाचंही वागणं कारकुनाचं नव्हतं.

त्याच हिंसेतला बिल्किस बानो खटला यापेक्षा वेगळा का झाला? स्थानिक पोलिसांनी तिथेही आरोपी सापडत नाहीत म्हणून प्रकरण बंद केलं होतं. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पाठबळानं ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तपास सीबीआयकडे आला आणि पुरलेली प्रेतं उकरून काढली गेली. मूळ फिर्यादीत काय गाळलं, शवविच्छेदनात काय लपवलं, हे कागदाला कागद लावून सिद्ध झालं. मुंबईच्या विशेष न्यायालयानं जानेवारी २००८मध्ये ११ जणांना जन्मठेप दिली. मे २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. विजया ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी त्या शिक्षा कायम केल्या आणि पुरावा दडपणाऱ्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी ठरवलं. खोटी कारकुनी करणाऱ्याला शिक्षा, ही आपल्या न्यायाच्या इतिहासातली विरळा गोष्ट आहे. तिची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. दोषींना २०२२ साली गुजरात सरकारनं सोडलं ते सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२४ला रद्द केलं. त्याचं कारणही असंच रुक्ष होतं. शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयानं दिली होती, म्हणून माफीचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कारकुनी करायला सांगणं म्हणजे लोकांना थंड करणं नव्हे का? समोर घर पाडलं जात असताना तुम्ही म्हणता, वही काढ. मुळशीच्या मावळ्यानं काय पंचनामे लिहीत बसायचं होतं? नाही. त्यानं कामावर जाऊन बसायचं होतं आणि तो बसला. पण चळवळीला बसणारे शंभर लागतात आणि लिहिणारे दोनतरी लागतात, आणि ते दोघे भाषणाला उभे राहता कामा नयेत. महाराष्ट्रानंच पुढे हे करून दाखवलं आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात पहिल्यांदा बुडायला निघालेल्या गावांपैकी एक अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. नर्मदा बचाव आंदोलनाचे मोर्चे आणि उपोषणं सगळ्यांना आठवतात, पण प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला अडचणीत आणलं ते आकड्यांनी. बुडणारी घरं किती, सरकार सांगतं किती, पुनर्वसनासाठी दाखवलेली जमीन कसण्यासारखी आहे का, याचे तपशील गावागावातून गोळा झाले. बँकेनं नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं १९९२ साली प्रकल्पातल्या पुनर्वसनावर कठोर अहवाल दिला. १९९३च्या मार्चमध्ये भारतानं उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं. त्याच वर्षी बँकेला आपल्या कामाविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायमची तपासणी यंत्रणा उभी करावी लागली. आज आफ्रिकेतला एखादा विस्थापित जेव्हा बँकेच्या त्या दारात अर्ज घेऊन जातो, तेव्हा तो दरवाजा उघडण्यात सातपुड्यातल्या पाड्यांचा वाटा असतो. महाराष्ट्राकडच्या पुनर्वसनाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होती, हाही मुळशीच्या वाचकाला गालात हसवणारा योग.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. याद्या करणाऱ्याची यादी सरकारच्या हाती लागली तर? गुजरातच्या प्रकरणात २४ जून २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं झाकिया जाफरींची याचिका फेटाळताना ती चालवणाऱ्यांवर ताशेरे ओढले. दुसऱ्याच दिवशी गुजरात पोलिसांनी मुंबईतून त्यांच्यातल्या तिस्ता सेटलवाड यांना बनावट पुरावे तयार केल्याच्या आरोपाखाली अटक केली. वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना नियमित जामीन दिला. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पण त्यातून निघणारा धडा कुठल्याही बाजूच्या कार्यकर्त्याला टाळता येणार नाही. नोंद ठेवणाऱ्यावर उद्या आरोप होणारच हे धरून नोंद ठेवावी लागते. साक्षीदाराचे शब्द सुधारून छान मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणं, एकाच मजकुराची वीस प्रतिज्ञापत्रं करणं, ऐकीव आणि डोळ्यांदेखतचं एकत्र करणं, या आपल्या चळवळींच्या नेहमीच्या सवयी आहेत. सद्‌हेतूनं केलेली ही सजावट आरोपीच्या वकिलाला आयती मिळते.

युरोपीय संघाची यूरोजस्ट आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अभियोक्ता कार्यालय यांनी सप्टेंबर २०२२मध्ये नागरी संघटनांसाठी मार्गदर्शिका काढली. ती वाचताना मजा येते, कारण तिच्यात काय करा यापेक्षा काय करू नका हे जास्त आहे. सक्षम तपास यंत्रणा येण्यासारखी असेल तर सविस्तर जबानी घेऊच नका. माणूस कोण, कुठे भेटेल आणि त्यानं साधारण काय पाहिलं एवढंच टिपून ठेवा. लहान मूल किंवा अत्याचार झालेली स्त्री असेल तर विशेष जपा. वस्तू उचलू नका, फोटो काढा. संमती घेताना हे कागद कुणाकुणाच्या हाती जाऊ शकतात ते आधी समजावून सांगा. पहिला नियम, तुमच्यामुळे कुणाचं नुकसान होता कामा नये. आपल्या सत्यशोधन समित्या दुपारी गावात पोचतात, संध्याकाळी पत्रकार परिषद घेतात आणि पीडितेला शेजारी बसवतात. त्यांनी ही पुस्तिका जीपमध्ये चढण्याआधी वाचावी.

आता पुरावा खिशातल्या मोबाइलमध्ये असतो आणि तिथेच तो मरतोही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळ, जागा, मूळ दर्जा सगळं गळून जातं. पंधरा गटांतून फिरून आलेल्या चित्रफितीला कोर्टात किंमत नाही. जालना मतदारसंघातल्या उमेदवारी अर्जांच्या वेळेवरून अर्जुन पंडितराव खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात न्यायालयानं २०२०च्या जुलैमध्ये ठणकावून सांगितलं की मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून निघालेला हा निकाल उद्या एखाद्या जळत्या वस्तीच्या चित्रीकरणालाही लागू होतो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमातल्या प्रमाणपत्रात तर फाइलचा हॅशही नोंदवावा लागतो. मुळशी तालुक्यात आज जमिनीचे सौदे, ताबे, धमक्या या गोष्टी नव्या नाहीत. तिथल्या तरुणाला हे एक कलम समजलं तर त्याचा उपयोग हेगपेक्षा आधी पौडच्या पोलीस ठाण्यात होईल. पुण्यात कायद्याची महाविद्यालयं काही कमी नाहीत. मूट कोर्टात न्यायाधीशासमोर इंग्रजी झाडायला शिकवतात तेवढ्याच जोमानं खेड्यातल्या बाईशी बोलून तिची नोंद कशी घ्यावी, कुठे थांबावं आणि मूळ फाइल कशी जपावी हे शिकवायला कुणाची हरकत असू नये. पण त्यात करंडक नसतो.

४ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं १९९२-९३च्या मुंबईसंबंधी प्रदीर्घ काळ चाललेल्या एका याचिकेचा निकाल दिला. त्यात १६८ बेपत्ता माणसांचा उल्लेख आहे. त्यातल्या ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांचे वारस शोधा आणि जानेवारी १९९९पासून ९ टक्के व्याजानं भरपाई द्या, असा हुकूम झाला. सुप्तावस्थेत पडलेले ९७ खटलेही शोधायला सांगितले. शोध घ्यायला समिती नेमली गेली. तीस वर्षांपूर्वी ज्या झोपडपट्ट्यांमधून ही माणसं गेली, त्यातल्या कितीतरी जागी आता टॉवर आहेत. कुटुंबं मुंब्र्याला गेली, भिवंडीला गेली, उत्तर प्रदेशात गावी परतली. ज्या समितीला हे १०८ पत्ते हवे आहेत तिला भाषणं, ठराव आणि अहवालांच्या प्रस्तावना काही कामाच्या नाहीत. १९९३च्या मदत छावण्यांमध्ये काम करणाऱ्यांपैकी कुणी नाव, बापाचं नाव, गावाकडचा पत्ता आणि एका नातेवाइकाचं नाव असे चार रकाने आखून वही भरली असेल आणि ती अजून घरात ठेवली असेल, तर त्या व्यक्तीनं ती वही आता त्या समितीकडे न्यावी.